इंटरप्रिटरची नोंद: वीकरेफ बसला, आता जीसी झाकून ठेवायचा

माझ्या जावास्क्रिप्ट इंटरप्रिटरमध्ये वीकरेफ (ऑब्जेक्टला जिवंत न ठेवणारा रेफरन्स) आणि फायनलायझेशन रजिस्ट्री (ऑब्जेक्ट गोळा झालं की ठरवलेलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, चालवणारी सोय) बसवून झाली. त्याच सुमारास जीसी, म्हणजे नको झालेली ऑब्जेक्ट गोळा करणारा गार्बेज कलेक्टर, बदलला: साधा मार्क-स्वीप (दर वेळी सगळी ऑब्जेक्ट तपासणारा) काढून दोन पिढ्यांचा (नवी ऑब्जेक्ट वारंवार, जुनी क्वचित तपासणारा) घातला. वेग चांगलाच वाढला, पण खरी शिकवण चाचणीच्या एका प्रोग्रामने दिली.

तो प्रोग्राम फाइल उघडतो, हँडल (उघड्या फाइलचा क्रमांक; असे मोजकेच मिळतात) एका ऑब्जेक्टमध्ये ठेवतो आणि बंद करायचं काम रजिस्ट्रीच्या कॉलबॅकवर सोडतो. मार्क-स्वीपवर बिनबोभाट चालायचा, कारण हीप (ऑब्जेक्ट राहतात ती मेमरी) लहान आणि जीसी सतत धावणारा. नव्या जीसीत फाइल वाचून होईपर्यंत ते ऑब्जेक्ट जुन्या पिढीत पोचलेलं असतं, आणि ती पिढी भरत आल्याशिवाय तिकडे कोणी फिरकत नाही. कॉलबॅक आलेच नाहीत, हँडल संपले. प्रोग्रामची एक ओळही बदलली नव्हती!

वेबवर हा धोका कितीतरी मोठा आहे. कॉलबॅक कधी येईल, मुळात येईल की नाही, याची स्पेसिफिकेशन हमी देत नाही. पण लोक कोड लिहितात तो समोरच्या ब्राउझरमध्ये काय चालतं ते बघून. एकदा का पानं एका इंजिनच्या सवयीवर विसंबली, की बाकीच्या इंजिनांना तीच सवय लावून घ्यावी लागते आणि त्या इंजिनालाही स्वतःचा जीसी सुधारणं जड जातं. पायथनमध्ये हे दिसलंच आहे: सीपायथन (पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर) प्रत्येक ऑब्जेक्टचे रेफरन्स मोजतो, म्हणून शेवटचा रेफरन्स गेला की फाइल लगेच बंद, त्याच भरवशावरचा कोड पायपायवर (पायथनच्याच दुसऱ्या इंटरप्रिटरवर) फाइली उघड्या ठेवतो.

2015 च्या वीकमॅपमध्ये (आपल्या कीज जिवंत न ठेवणारा मॅप) कीजची यादी मागता येत नाही, ती याचसाठी. यादी मिळाली असती तर जीसी धावला की नाही ते तिच्यात दिसलं असतं. वीकरेफ भाषेत आला तो थेट 2021 मध्ये, आणि तोही एक नियम घेऊन. हा नियम मला फार आवडला: डीरेफ करून (वीकरेफकडे ऑब्जेक्ट मागून) मिळालेलं ऑब्जेक्ट चालू जॉब (कोडचा सलग चालणारा तुकडा) संपेपर्यंत मरू द्यायचं नाही. त्यासाठी एक यादी ठेवली. वीकरेफ बनला किंवा डीरेफ झालं की टार्गेट तिच्यात जातं, जीसी तिला रूट (जिवंत ऑब्जेक्टचा शोध सुरू होतो ती जागा) धरतो आणि मायक्रोटास्कची (लगेच पुढे चालायच्या छोट्या कामांची) रांग रिकामी झाली की यादी पुसतो. त्यामुळे एकाच फंक्शनमध्ये दोनदा डीरेफ केलं तर मधेच अनडिफाइन्ड हाती येत नाही.

पुढचं काम दोन मोडचं. एकात प्रत्येक ॲलोकेशनला (नवी मेमरी घेताना) जीसी चालेल, दुसऱ्यात रजिस्ट्रीचा एकही कॉलबॅक येणार नाही. चाचणीचे सगळे प्रोग्राम दोन्हींत पास झाले पाहिजेत; फाइलवाल्याला आता स्वतःच क्लोज लिहावं लागेल.