‘गेले’ म्हणायचं नाही

माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की आई म्हणते, "ती तिकडे सरकारी ऑफिसात आहे." खोटं नाही ते. अमेरिकेतल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मेडिकल एक्झॅमिनरच्या कार्यालयात मी मृत्यूची चौकशी करते. मेडिकल एक्झॅमिनर म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारे सरकारी डॉक्टर. मी डॉक्टर नाही, पोलीसही नाही. कुणी अचानक, अपघातानं, एकटं असताना किंवा संशयास्पद रीतीनं वारलं की आम्हाला फोन येतो. घर, दार, गाडी हे पोलिसांचं. मृतदेह आमच्या अखत्यारीत. आम्ही सांगितल्याशिवाय तो कुणी हलवत नाही. आपल्याकडे पंचनामा पोलीसच करतात, त्यामुळे हे समजावताना माझी दमछाक होते. तसा मुंबईतही 1999 पर्यंत कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता, पण आता ते कुणाच्या फारसं लक्षात नाही.

मिरजेत नर्सिंग केलं, लग्नानंतर इकडे आले, परवान्याची परीक्षा देऊन सहा वर्षं आयसीयूत काढली. मग ही जाहिरात दिसली. मुलाखतीत विचारलं, "उन्हाळ्यात आठवडाभर बंद असलेल्या घरात थांबता येईल का?" मी "हो" म्हणाले. निव्वळ अंदाजपंचे.

सुरुवातीला फक्त मागे मागे फिरायचं. ज्या सहकाऱ्याबरोबर मला दिलं होतं, त्याचा पहिला धडा होता: आत शिरलीस की हात खिशात. आधी बघायचं, मग फोटो काढायचे, आणि हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. पहिलंच घर एका एकट्या राहणाऱ्या आजोबांचं होतं. मी सरळ त्यांच्याकडे निघाले. नर्सची सवय, पेशंट दिसला की नाडी बघायची. सहकाऱ्यानं कोपराला धरून मला स्वयंपाकघरात नेलं. तिथं त्यानं दुधावरची तारीख पाहिली, पेटीतली न उघडलेली पत्रं पाहिली, हीटर किती अंशांवर लावलाय ते लिहून घेतलं. हीटर कशाला, तर खोली तापलेली असेल तर शरीर उशिरा थंड होतं, आणि मृत्यूच्या वेळेचा अंदाज पार चुकतो. मग त्यानं औषधाच्या बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. "मोज."

गोळ्या मोजणं हे या कामातलं माझं सगळ्यात आवडतं काम आहे, ऐकायला विचित्र वाटलं तरी. बाटलीवर औषध दिल्याची तारीख असते, किती दिल्या ते असतं, रोज किती घ्यायच्या तेही असतं. आजोबांना रक्तदाबाच्या 30 गोळ्या अठरा दिवसांपूर्वी मिळाल्या होत्या. रोज एक घेतली असती तर 12 उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या 26. झोपेच्या गोळ्यांचा हिशेब मात्र बरोबर जुळत होता. त्या दोन आकड्यांनी आमच्या डॉक्टरांना शवविच्छेदनाच्या आधीच बरंच काही सांगितलं.

मग शरीर. मृत्यूनंतर रक्त वजनानं खाली उतरतं आणि तिथली त्वचा जांभळट होते. साधारण आठ ते बारा तासांत तो रंग पक्का होतो, बोटानं दाबला तरी हटत नाही. माणूस पालथा सापडला आणि पाठ जांभळी असेल, तर त्याला कुणीतरी नंतर उलटवलंय. बहुतेक वेळा ते कुणीतरी म्हणजे घाबरलेली बायको किंवा मुलगा असतो. वासाबद्दल सगळे विचारतात. नाकाखाली बाम लावून काही होत नाही, उलट नाक मोकळं होतं.

बरंचसं काम फोनवरच होतं, हे मला आधी माहीत नव्हतं. हॉस्पिटलमधून फोन येतो: अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजी न्यूमोनियानं वारल्या. नैसर्गिक मृत्यू वाटतो ना? मी विचारते, त्या अंथरुणाला कशानं खिळल्या? तर तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पडून खुबा मोडलेला. मग तो अपघाती मृत्यू, आणि आमची केस. दाखल्यावर कारण वेगळं लिहायचं आणि प्रकार वेगळा: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून, किंवा ठरवता न आलेला. विष-तपासणीचे निकाल यायला आठवडेच्या आठवडे लागतात. तोवर कारणाच्या रकान्यात ‘प्रलंबित’ असतं, आणि घरचे रोज फोन करतात.

640 तास काम झाल्यावर मृत्यूची चौकशी करणाऱ्यांच्या राष्ट्रीय मंडळाच्या नोंदणी परीक्षेला बसता येतं. शिकता शिकता बाल्टिमोरला जाऊन फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी 1940च्या दशकात बनवलेली चिमुकली घरं बघितली. भातुकलीसारखी अठरा, आणि प्रत्येकात एखादा तरी मृत्यू. पोलिसांची नजर तयार व्हावी म्हणून त्या बाईंनी ती केली होती. मी एकेका काचेसमोर अर्धा अर्धा तास उभी होते. परीक्षा झाली, पास झाले, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अवघड गेलं ते एकच, घरच्यांना सांगणं. शक्यतो प्रत्यक्ष जायचं, दोघांनी जायचं, त्यांना बसवायचं, आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं. शब्दही ठरलेला: ‘मृत्यू झाला’. आडवळण नको, कारण ऐकणारा त्या फटीतून आशा शोधतो. इंग्रजीत मला हे जमलं. इंग्रजी माझ्यासाठी युनिफॉर्मसारखी आहे, अंगावर चढवली की मी ते वाक्य बोलू शकते. पण मराठीत ‘मेला’ आपण डासाला म्हणतो. माणसं वारतात, जातात, त्यांना देवाज्ञा होते. आमच्या प्रशिक्षणात नेमकं तेच वर्ज्य. ‘गेले’ म्हटलं तर समोरचा विचारणार, कुठे गेले?

दोन वर्षांपूर्वी एका भाड्याच्या घरात एक मराठी तरुण सापडला, एकोणतीस वर्षांचा. दूतावासाला कळवलं होतं, पण खोलीवरच्या मित्राकडे मामाचा नंबर होता आणि बातमी उडत उडत गावी पोचायच्या आत कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. वरिष्ठ माझ्याकडे बघायला लागले. आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले, तिकडे पावणेसात.

"काका, मी अमेरिकेतून बोलतेय, मेडिकल एक्झॅमिनरच्या ऑफिसातून. आत्ता जवळ कोण आहे?"

"ताई आहे. त्याची आई. थांबा." चपला घातल्याचा आवाज, दार, मग कोंबडा. "हां. बोला."

"तुमच्या भाच्याचा मृत्यू झाला आहे."

खूप वेळ काहीच नाही. मग अगदी हळू, जसं मला समजावत असावेत तसं, ते म्हणाले, "म्हणजे... गेला?"

"हो काका. गेला."

"तुम्ही कुठल्या?"

"मिरजेची."

"असं." परत कोंबडा. "मग तुम्ही त्याला बघितलं?"

"हो. मीच होते."

त्यानंतर आम्ही कागदपत्रांबद्दल बोललो. कारण प्रलंबित असलं तरी दाखला मिळतो आणि पार्थिव नेता येतं, एम्बाल्मिंगचं, म्हणजे देह टिकवण्याच्या प्रक्रियेचं, प्रमाणपत्र लागेल, पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागेल, ते सगळं. ते पेन आणायला आत गेले नाहीत. म्हणाले, तुम्ही सांगा, माझ्या लक्षात राहील. मी तीनदा सांगितलं.