आमची वाटचाल: दुपारच्या विजेला गिऱ्हाईक

आमच्या फर्मची सुरुवात घरोघरच्या सौर संचांपासून झाली. एक पॅनल, एक बॅटरी, दोन दिवे आणि मोबाइल चार्ज करायची सोय. संच खपायचे, पण काही दिवसांनी तेच गिऱ्हाईक विचारायचं, पंखा चालेल का, टीव्ही चालेल का? प्रत्येक घराला वेगळा मोठा संच देत बसण्यापेक्षा गावाच्या मधोमध एकच प्रकल्प उभारून तारा ओढलेल्या बऱ्या, असं ठरलं आणि आम्ही मायक्रोग्रिडच्या धंद्यात उतरलो.

पॅनल बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. (ऊन फुकट आहे म्हणणाऱ्यांनी एकदा बॅटरीचं बिल भरून बघावं.) आधी लेड-अ‍ॅसिड होत्या. त्या वरचेवर निम्म्याच्या खाली उतरवल्या की लवकर मरतात, म्हणजे पैसे पूर्ण क्षमतेचे मोजायचे आणि वापरायची निम्मी. पाण्याची पातळी बघायला माणूस लागतो तो वेगळाच. लिथियम आयर्न फॉस्फेट आवाक्यात आली तसे तिकडे वळलो. 3.2 व्होल्टचे 16 सेल एकापुढे एक जोडले की 51.2 व्होल्टची बॅटरी बँक होते, आणि रोज 80 टक्क्यांपर्यंत उतरवली तरी ती वर्षानुवर्षं टिकते. फक्त तापमान शून्याखाली गेलं की चार्ज करायची नाही.

पण खरा पेच वेळेचा. ऊन दुपारी, गावाची गरज संध्याकाळी. नुसत्या दिव्यांवर ग्रिड चालवली तर दुपारी बॅटरी भरून जाते आणि उरलेलं ऊन वाया. संध्याकाळचं प्रत्येक युनिट मात्र बॅटरीतून येतं, म्हणजे महागडं. म्हणून नव्या गावात गेलो की आम्ही घरं मोजण्याआधी डिझेल इंजिनं कुणाकुणाकडे आहेत ते विचारतो. गिरणी, पाण्याचा पंप, सुताराचं रंधायंत्र, वेल्डिंग. दुपारचा दर कमी ठेवला की ही मंडळी येतात.

गिरणीने आम्हाला बरंच शिकवलं. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. थेट जोडली तर इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि अख्ख्या गावाची वीज जाते. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावला की ती सावकाश वेग घेते. पण इंजिनाच्या धडधडीची सवय असलेला गिरणीवाला बटण दाबून कानोसा घेत उभा राहतो, यंत्र चालूच झालं नाही असं समजून पुन्हा दाबतो, नाहीतर वेग यायच्या आतच वरून धान्य ओततो. आता पहिले काही दिवस आमचा माणूस तिथे बसून असतो.

प्रीपेड मीटरमुळे वसुलीची कटकट गेली, पण लोडवरची भांडणं गेली नाहीत. 1000 वॅटची इस्त्री म्हणजे 9 वॅटचे शंभराहून जास्त दिवे. म्हणून घरगुती मीटरवर लोडची मर्यादा असते. ती ओलांडली की त्या एकाच घराची वीज जाते, शेजाऱ्याची नाही. हा नियम मात्र खांब रोवण्याआधीच गावाच्या बैठकीत मान्य करून घ्यावा लागतो.

‘उद्या मोठी लाईन आली तर तुमचं काय?’ हे प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच. आम्ही तारा, खांब, मीटर पहिल्यापासून मोठ्या लाईनच्याच मापाचे टाकतो, म्हणजे ती आली तर जोडून घेता येईल. लाईन पोहोचलेल्या एका गावात गिरणीवाल्याने दोन्ही जोडण्या ठेवल्या आहेत. दुपारचं दळण तो अजून आमच्याच विजेवर काढतो.