आयातदारांचे ठसे: नोंदवही कुठवर आली

जुन्या टार्गेट रायफलींवरच्या आयातदारांच्या ठशांची माझी वही आता चांगली भरत आली आहे. सध्या सगळा भर आन्शुट्झ या जर्मन कंपनीच्या पॉइंट टू-टू रायफलींवर, त्यातही मॅच ५४ या मॉडेलवर आहे.

पाया साधा आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनंतर अमेरिकेत येणाऱ्या रायफलीवर आयातदाराचं नाव, शहर आणि राज्य कोरणं सक्तीचं झालं. पण नुसत्या या ठशावरून वय काढायला जाऊ नये. तो रायफल कुणी आणली ते सांगतो; कधी बनली ते जर्मनीतल्या उल्मच्या प्रूफ हाउसला, म्हणजे बंदुका तपासून त्यांवर खूण मारणाऱ्या संस्थेला, विचारायचं. तिथल्या हरणाच्या शिंगाच्या खुणेजवळ वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांचा दोन अक्षरी कोड असतो. ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असं आय म्हणजे ८ पर्यंत. जे वगळलंय, के म्हणजे ९. म्हणून एच-सी दिसलं की १९७२.

आता खरी गंमत. त्या काळात अमेरिकेत आन्शुट्झ आणायची सॅव्हेज ही तिथली कंपनी, आणि त्यांचं नाव आन्शुट्झच्या जोडीनं रायफलीवरच यायचं. माझ्याकडच्या फोटोंतल्या एका रायफलीवर एच-सी आहे, पण सॅव्हेजचा पत्ता नाही. नळीच्या खालच्या अंगाला मात्र भलत्याच आयातदाराचं बारीक अक्षरांतलं नाव आहे. भिंगाखाली बघितलं तर कारखान्याच्या अक्षरांच्या तळापर्यंत ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) उतरलंय, आणि या नावाच्या कडांशी ते कापलं गेलंय, आत पांढरा धातू चमकतो. म्हणजे ठसा ब्लूइंगनंतरचा. माझ्या मते ही रायफल आधी युरोपात वापरली गेली आणि मग अमेरिकेत गेली.

खोलीही बघावी. ३० जानेवारी २००२ पासून ठसा किमान ०.००३ इंच खोल लागतो. त्यामुळे नखाला जेमतेम जाणवणारी अक्षरं बहुधा त्याआधीची.

पुढचा टप्पा वॉल्थर, ही दुसरी जर्मन कंपनी. तिथे ‘इंटरआर्म्स, अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया’ हा आयातदाराचा ठसा शोधायचाय. कुणाकडे फोटो असतील तर उजेड बाजूनं, तिरका टाकून काढलेले पाठवा. समोरून फ्लॅश मारला की उथळ अक्षरं पार पुसली जातात. आणि प्रूफच्या खुणा त्याच फ्रेममध्ये आल्या तर फारच उत्तम.