ब्रेक लागला होता

अमळनेरात माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून गेली वीस-बावीस वर्षे मी हेच काम करत आलो आहे. ग्राहकाची तक्रार शांतपणे ऐकून घेणे हा आमच्या कामाचाच भाग असल्यामुळे, रागावलेला माणूस दारात उभा राहिला म्हणून मी सहसा गांगरत नाही. त्या सकाळी मात्र गांगरलो. कापूस वेचणीचे दिवस होते. शटर वर करत असतानाच एक छोटा टेम्पो समोर येऊन थांबला. त्यात दोराने आवळून बांधलेली 160 सीसीची मोटरसायकल होती. तिचे पुढचे शॉकअप मागे वाकून चाक थेट इंजिनाला टेकले होते. ड्रायव्हरशेजारी, उजव्या मनगटाला प्लास्टर असलेला विशीतला मुलगा बसला होता. मागोमाग त्याचे वडील आप्पा आपल्या जुन्या 100 सीसीच्या गाडीवर आले. टेम्पोतली गाडी मी लगेच ओळखली, कारण नऊ दिवसांपूर्वी तिची सर्व्हिसिंग मीच केली होती आणि पुढच्या डिस्कचे ब्रेक ऑइलही मीच बदलले होते.

आप्पांनी गाडीवरून उतरता उतरताच सांगितले, "भाऊ, ब्रेक लागनाच नही. मना पोऱ्या खोटं बोलस नही."

पारोळा रस्त्यावर आदल्या संध्याकाळी, बाजूच्या शेतरस्त्याने कापसाने भरलेली ट्रॉली अचानक डांबरीवर आली आणि मुलगा तिच्या मागच्या फाळक्यावर जाऊन आदळला, एवढे मला कळले. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून मनगटावर निभावले. मी आप्पांना काहीच उत्तर दिले नाही. ऑइल बदलताना नळीत हवा राहिली असेल का, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. हवा राहिली तर लिव्हर स्पंजासारखा दबत जातो आणि डिस्कला चिमट्यासारखे पकडणाऱ्या कॅलिपरपर्यंत दाब पोहोचत नाही. तसे झाले असेल तर त्या पोराच्या मनगटाचा दोष माझ्या हातांचा होता. मी आप्पांना स्टूल दिले, चहा सांगितला आणि म्हणालो, "आप्पा, जे काही तपासायचं ते तुमच्यासमोरच तपासतो. चूक माझी निघाली तर मी नाकारणार नाही."

सर्वांत आधी मी लिव्हर दाबला. तो दगडासारखा घट्ट होता. ऑइल पातळीवर होते, नळी कुठेही ओली नव्हती, पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक होते. त्यानंतर स्कॅनर लावून एबीएसच्या, म्हणजे जोराने ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटची नोंद वाचली. त्यात एकही दोष साठलेला नव्हता. तरीही माझे समाधान होईना, म्हणून मी दोन्ही टायर हाताने चाचपून फिरवायला सुरुवात केली. मागच्या टायरवर एका जागी तळहाताएवढा सपाट, खरबरीत चट्टा होता आणि रबराची बारीक भुकटी अजून त्याच्या कडांना चिकटलेली होती. पुढच्या टायरवर तसे काहीच नव्हते. त्याची सगळी नक्षी सारखी होती. ही गाडी सिंगल चॅनलची होती, म्हणजे तिचे एबीएस फक्त पुढच्या चाकापुरते होते. मागचे चाक जाम होऊन रस्त्यावर घासत गेले होते आणि पुढचे चाक एकदाही जाम झाले नव्हते. ब्रेक लागलाच नाही असे ती गाडी सांगत नव्हती.

मग मी मुलाजवळ जाऊन बसलो आणि ट्रॉली दिसल्यापासून हाताला नेमके काय जाणवले ते आठवून सांगायला सांगितले. तो बराच वेळ वडिलांकडे पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, मी ब्रेक दाबला आणि लिव्हर बोटांना धक्के मारायला लागला. आतून कटकट आवाज आला. मला वाटलं, काहीतरी तुटलं."

"मग?"

"मग सोडला. आणि परत दाबला."

माझ्या मनावरचे ओझे उतरायला हवे होते, पण ते उतरले नाही. एबीएस काम करत असताना लिव्हर थरथरतो, ही गोष्ट त्या पोराला कोणीही सांगितलेली नव्हती. गाडी त्याने नातलगाकडून जुनी घेतली होती आणि त्याआधी तो वडिलांचीच ड्रम ब्रेकची गाडी चालवत असे. नऊ दिवसांपूर्वी किल्ली त्याच्या हातात देताना मी ऑइल बदलल्याचे, चेन आवळल्याचे आणि बिलाचे सांगितले होते. लिव्हरविषयी एक शब्दही बोललो नव्हतो.

मी टाकी उतरवून त्या दोघांना एबीएसचे युनिट दाखवले. मुठीएवढा तो ठोकळा पाहून आप्पा म्हणाले, की हे सगळे कंपन्यांनी गाडी महाग करायला काढले आहे. गाड्या काही हजारांनी महागल्या हे खरे आहे, परंतु हा निव्वळ कंपन्यांचा हट्ट नाही. 125 सीसीवरच्या नव्या मॉडेलना 1 एप्रिल 2018 पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलनाही 1 एप्रिल 2019 पासून सरकारनेच एबीएस सक्तीचे केले. 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी योजना तरी असावी, असे त्याच नियमात ठरले. ज्या बीएमडब्ल्यूच्या गाडीवर 1988 साली हे इलेक्ट्रॉनिक एबीएस पहिल्यांदा आले तिच्यावर त्या यंत्रणेचेच वजन अकरा किलोच्या आसपास होते. आता तेच काम किलोभर वजनाच्या आतला ठोकळा करतो, म्हणून तर ते आपल्या गाड्यांपर्यंत पोहोचले.

चाकाच्या डिस्कजवळ खाचा असलेली एक पातळ रिंग असते आणि तिच्यापासून जेमतेम नखाच्या जाडीएवढ्या अंतरावर सेन्सर बसवलेला असतो. खाचा किती वेगाने समोरून जातात त्यावरून चाकाचा वेग युनिटला कळतो. गाडी पळते आहे आणि चाक मात्र एकाएकी थांबायला निघाले आहे असे दिसले की युनिट त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते, पुन्हा आवळते, पुन्हा सैल करते, आणि हे सेकंदात अनेक वेळा घडते. तीच उघडझाप लिव्हरमध्ये धक्क्यांच्या रूपाने परत येते. शेतरस्त्याच्या तोंडाशी ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माती आणि बारीक खडी डांबरावर पसरलेली होती, तिच्यावर पुढचे चाक घसरू लागले आणि एबीएस कामाला लागले. नेमक्या त्याच क्षणी मुलाने घाबरून ब्रेक सोडला. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. अर्धा सेकंद बोटे सैल पडली तरी ट्रॉली आठ मीटर जवळ येते.

आप्पांनी यावर जो प्रश्न विचारला तो मी आजवर अनेक जुन्या चालकांकडून ऐकला आहे. एबीएस नसते तर चाक जाम होऊन गाडी आधीच पडली असती आणि पोरगा ट्रॉलीला धडकला नसता, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते कळकळीने खोडून काढावे लागले. मोटरसायकलचे पुढचे चाक जाम झाले की हँडलचा ताबा सुटतो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत गाडी आडवी होते. आडवी पडलेली गाडी टायरवर उभ्या गाडीइतकी लवकर थांबत नाही, कारण रबराची पकड लोखंडाला आणि प्लॅस्टिकला नसते. ती गाडी आणि तिच्यामागे तो पोरगा घसरत थेट ट्रॉलीच्या चाकांखाली गेले असते. तो शेवटपर्यंत उभा राहिला, निम्मा वेग तरी कमी करून धडकला, म्हणून आज प्लास्टर बांधून समोर बसला होता. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची तुलना केली, तेव्हा एबीएसच्या गाड्यांचे जीवघेणे अपघात 22 टक्क्यांनी कमी आढळले. तिथले रस्ते आणि आपले रस्ते वेगळे आहेत हे मला मान्य आहे, पण चाक जाम झाल्यावर माणूस पडतो तो दोन्हीकडे सारखाच पडतो.

बोलण्याने आप्पांचे समाधान होणार नाही हे मला दिसत होते. दुपारी आम्ही गावाबाहेरच्या प्लॉट पाडलेल्या मोकळ्या जागेत गेलो, जिथे डांबरी रस्ते तयार आहेत पण अजून एकही घर उभे नाही. माझ्या सहायकाची एबीएसची गाडी, माझी 2016 सालची एबीएस नसलेली 150 सीसीची गाडी आणि आप्पांची जुनी गाडी अशा तीन गाड्या होत्या. खडूने रेघ मारली आणि ताशी 40 च्या वेगाने रेघेवर ब्रेक दाबायचा असे ठरले. सहायकाची गाडी घेऊन मी दोन्ही ब्रेक लावले. टेपने मोजले तेव्हा दहा मीटरच्या आतबाहेर थांबलो होतो. आप्पा त्यांच्या गाडीवर, त्यांच्या सवयीप्रमाणे फक्त पायाचा ब्रेक लावून, सुमारे एकोणीस मीटरवर थांबले. पुढच्या ब्रेकला हात लावला की माणूस उडतो, असे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितले होते आणि त्यांनी ते मुलाला सांगितले होते. नंतर त्यांना एबीएसच्या गाडीवर बसवून मातीच्या पट्ट्यावर लिव्हर पूर्ण दाबायला लावला. थांबल्यावर ते हात वर धरून काही क्षण स्वतःच्या बोटांकडे पाहत होते. "मुंग्या चढाव्यात तसं झालं," एवढेच बोलले.

त्याच जागेत पलीकडे मुरूम टाकलेला, अजून न दाबलेला रस्ता होता. तिथेही करून पाहा, असे आप्पाच म्हणाले, आणि मी टाळले असते तर ते अप्रामाणिक झाले असते. ताशी 30 च्या वेगाने मी आधी माझी जुनी गाडी थांबवली. मागचे चाक मुरमात रुतले, त्याच्यापुढे खड्यांचा ढीग साचला आणि गाडी थांबली. एबीएसची गाडी मात्र त्या सुट्या खड्यांवर ब्रेक सोडत-धरत जवळजवळ दोन मीटर पुढे गेली. आप्पांनी टेप धरून मोठ्याने आकडा वाचला. मी तो मान्य केला. सुट्या मुरमावर, वाळूवर जाम झालेले चाक स्वतःपुढे बांध घालते आणि एबीएस तो बांध घालू देत नाही. म्हणूनच रॉयल एनफिल्डच्या हिमालयनसारख्या गाडीला 2020 पासून मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याचे बटण आले आहे. पण माझ्या जुन्या गाडीवर ती दोन मीटरची कमाई वीस वर्षे सरावलेल्या हाताने केलेली होती आणि पुढचे चाक दोनदा हलकेच सुटले होते, हेही मी आप्पांना सांगितले. त्या पोराने तिथे लिव्हर घाबरून दाबला असता तर तो मुरमात तोंडावर पडला असता.

आमच्या भागात या यंत्रणेला खरा त्रास देते ती काळी माती. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीचा सेन्सर आणि रिंग यांच्यामधली फट चिखलाने भरून वाळते. पंक्चर काढताना चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर आपटले की रिंग वाकते. मग मीटरवरचा पिवळा दिवा पेटतो. चावी फिरवल्यावर तो लागलेला असणे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझणे हे बरोबर. धावत्या गाडीवर तो पेटलेलाच राहिला तर साधा ब्रेक चालू असतो, पण एबीएस झोपलेले असते. लोक तो दिवा महिनोन्महिने तसाच पेटता ठेवून हिंडतात. बिघाड युनिटमध्येच असेल तर ते उघडून दुरुस्त करता येत नाही, पूर्ण बदलावे लागते आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशाला जड असतो. याचे मला खरोखर वाईट वाटते. पण पुष्कळदा फक्त ब्रश, स्वच्छ पाणी आणि दहा मिनिटे पुरतात. काही मुले फ्यूज काढून द्या म्हणून येतात, त्यांना मी परत पाठवतो. तोरणमाळला निघालेल्या मुलांना एवढे आवर्जून सांगतो, की साध्या एबीएसला गाडी वळणात किती झुकली आहे हे कळत नाही, तेव्हा घाटात ब्रेक वळणाच्या आधी लावा.

संध्याकाळी गॅरेजवर परतल्यावर मी आप्पांना सांगितले, की शॉकअपचे पाईप, चाकाची रिम आणि हँडल बदलावे लागेल. सामानाचे पैसे घेईन, मजुरी घेणार नाही. ते नको म्हणत होते. मी ऐकले नाही, कारण ब्रेक मी नीट केला होता पण गाडी नीट ताब्यात दिली नव्हती.

दीड महिन्याने प्लास्टर निघाल्यावर मुलगा त्याच प्लॉटमधल्या रस्त्यावर आला. आधी 20, मग 30, मग 40 असा वेग वाढवत त्याने मातीच्या पट्ट्यावर ब्रेक दाबला. पहिल्या दोन वेळा बोटे आपोआप सैल पडली. तिसऱ्या वेळी लिव्हर थरथरत राहिला आणि त्याने तो गाडी थांबेपर्यंत सोडला नाही. आप्पा खडूच्या रेघेशी उभे होते. परत येताना त्यांनी आपली जुनी गाडी माझ्या दारात लावली आणि पुढचा ब्रेक बघायला सांगितला. त्याची केबल गंजून आत घट्ट बसली होती, लिव्हर अर्धाही येत नव्हता. मी चाक खोलले तेव्हा ड्रममधले लायनर जवळजवळ नव्यासारखेच होते, फक्त वरून काचेसारखे चकचकीत झालेले. मी ते घासले, नवी केबल टाकली आणि गाडी त्यांच्या ताब्यात देण्याआधी आम्ही दोघे पुन्हा एकदा त्या रेघेपर्यंत जाऊन आलो.