पित्त उठलं तर आमसूल लावू का?

"अक्का, पोराच्या अंगावर पित्त उठलंय, आमसूल लावू की गोळी देऊ?" मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात नर्स आहे. बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठून लोक हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

छातीत जळजळलं तरी आपण पित्त म्हणतो आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. शेजारच्या कन्नड घरातही ‘पित्तद गंधे’च म्हणतात. म्हणून दुखणं पोटाचं वाटतं. पण गांधी पुष्कळदा अ‍ॅलर्जीनं उठतात. अ‍ॅलर्जीत खरं होतं ते असं, की शरीर एखाद्या वस्तूला वैरी समजतं, हिस्टामीन नावाचं रसायन सुटतं, बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाणी झिरपतं आणि कातडी फुगते. एवढ्यावर थांबलं तर आमसुलाचं पाणी खुशाल लावा, गार वाटतं. सेट्रिझिनच्या गोळीनं खाज उतरते. भीती असते ती हीच सूज घशात उतरण्याची.

माझा धाकटा दीर एप्रिलात काजूच्या बिया गोळा करायला गेला होता. मानेवर मधमाशी चावली. घरी आला तेव्हा तळहात खाजवत होता, कान लालबुंद. सासूबाईंनी वाटीत आमसूल भिजत घातलं, मी गोळी दिली आणि वाट बघत बसले. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "वहिनी, घशात काहीतरी अडकल्यागत वाटायलंय." आवाज त्याचा नव्हताच, जाड झाला होता. मग उलटी. ती दहा मिनिटं मला अजून सलतात, कारण गोळीनं घशाची सूज उतरत नाही, हे मला शिकवलेलं होतं.

जीपमध्ये मागच्या सीटवर त्याला आडवा केला, पाय उशीवर. "बसतो की" म्हणत होता, मी उठू दिलं नाही. अशा वेळी रक्तदाबही पडू शकतो, आणि रक्तदाब पडलेला माणूस अचानक उभा राहिला तर तिथंच कोसळू शकतो. फक्त दम लागलेल्याला बसू द्यावं, आणि ओकणाऱ्याला कुशीवर वळवावं. आरोग्य केंद्रात पोचताच पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनालिन हे सूज उतरवणारं औषध टोचलं, 0.5 मिलीग्रॅम. काही मिनिटांत आवाज मोकळा झाला. पाच मिनिटांत फरक पडला नसता तर दुसरं द्यावं लागलं असतं. रात्रभर ठेवूनही घेतलं, कारण उतरलेला त्रास काही तासांनी पुन्हा उसळू शकतो.

म्हणून गांधींच्या जोडीला आवाज बदलला, दम लागला, जीभ-ओठ सुजले, भोवळ आली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर चुना, कांदा, आमसूल सगळं बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं निघा. माशी चावल्यावर किंवा गोळी घेतल्यावर लगेच दम लागला, भोवळ आली, तर अंगावर काही उठलं नसलं तरी निघा. मधमाशीचा काटा रुतलेला दिसला तर नखानं खरवडून लगेच काढा. गांधीलमाशी सहसा काटा सोडत नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र मला लोकांचा राग येतो. "कसलीतरी अंगदुखीची गोळी होती" एवढंच सांगतात. दुखण्याच्या गोळ्या आणि पेनिसिलिनच्या घरातली औषधं नेहमीची संशयित. तेव्हा रिकामी पट्टी फेकू नका. तिच्यावरचं नाव चिठ्ठीवर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून पाकिटात ठेवा. बेळगावला पोचल्यावर समोर कोण भेटेल सांगता येत नाही. शेंगदाण्याचा त्रास असलेल्या पोराच्या आईला तर प्रत्येक पंगतीत विचारावंच लागतं, कारण आपल्याकडं कूट कुठल्या भाजीत नसतो? तिला "एवढ्यानं काय होतंय" म्हणू नका.

सासूबाई आता कुणाच्या अंगावर पित्त उठलं की वाटी घ्यायच्या आधी म्हणतात, "तुझं पूर्ण नाव सांग बघू." आणि कान देऊन आवाज ऐकतात.