एका दिवसापुरतं

आपल्या शाळेत बायबलची वचनं पाठ करण्याची एक शिस्त होती: वचनाआधी पत्ता (पुस्तक, अध्याय, वचन), वचनानंतर पुन्हा पत्ता. 'मत्तय सहा, चौतीस' असं दोनदा म्हटल्याशिवाय सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायला दिलेलं वचन, पाठ झालं असं धरत नसत. तेव्हा ती कटकट वाटे. आज शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतल्या शिफ्टा, घराचे हप्ते, आजारी आईवडील यांत गुरफटलेल्यांना तिचा उपयोग कळतो. रात्री डोळा लागत नाही तेव्हा काय उघडायचं, हे शोधत बसावं लागत नाही. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथं ख्रिस्ती मंडळी आणि शाळा जोडीनंच वाढल्या. म्हणून शाळेच्या स्मरणिकेत रोजच्या चिंतेत बायबल कसं वाचावं हा विषय काढायला संकोच नाही.

मत्तयातलं ते वचन असं: 'उद्याची चिंता उद्याला. ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.' दुःख नाहीच, असं येशू इथं म्हणत नाही. तो त्याला एका दिवसाचं माप लावतो. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातही हेच माप आहे. रानात इस्राएली लोकांना देवानं दिलेलं अन्न म्हणजे मान्ना; तो माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर गोळा करायचा; सकाळपर्यंत साठवला की त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचा, आणि तो शब्बाथापर्यंत, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसापर्यंत टिके. प्रभूच्या प्रार्थनेतली भाकरही 'आज'चीच मागितली आहे.

बायबल वाचण्याची गाडी अडते ती हे माप सुटल्यामुळे. जानेवारीत वर्षभरात अख्खं बायबल संपवायचं ठरतं. अध्याय ११८९, म्हणजे रोज तीनहून जास्त. उत्पत्ती झपाट्यानं होते, निर्गमात निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू झाली की वेग मंदावतो, आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकात बहुतेकांचं वाचन थांबतं. मग अपराधीपणा येतो आणि पुस्तक कपाटात जातं. थकलेल्या माणसानं मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करावं. अध्याय सोळाच, रोज अर्धा वाचला तरी साधारण महिनाभरात होतो. जोडीला एक स्तोत्र. ११९वं मात्र एका बैठकीत घेऊ नये; १७६ वचनं आहेत, आठ-आठ वचनांचे बावीस भाग पाडलेलेच आहेत. वाचायला छापील प्रत बरी. फोनवर स्तोत्र उघडलं की वरून कामाच्या ग्रुपचा मेसेज टपकतोच.

'विश्वास आहे ना, मग रडायचं कशाला?' असं सांगणारी माणसं मंडळीत भेटतात. त्यांनी तेरावं स्तोत्र वाचावं. सहा वचनांपैकी पहिल्या दोनांत देवाला चार वेळा 'कोठवर?' असं विचारलंय. भरवशाचा सूर पाचव्यात येतो. अठ्ठ्याऐंशीव्यात तर तो शेवटपर्यंत येत नाही, ते अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तक्रार देवापुढेच मांडलेली असेल तर तीही प्रार्थनाच.

आणि शरीराचं काय? पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. 'तू इथं काय करतोस?' हा देवाचा प्रश्न पुढे होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. झोप, भूक आणि कामातलं लक्ष दोन आठवडे हरवलेलं असेल तर मंडळीच्या पाळकांना भेटावंच, पण डॉक्टरांनाही दाखवावं. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

ज्यांची सुट्टी रविवारी येत नाही त्यांची उपासना हळूहळू तुटते. त्यांनी सुट्टीचा वार कुठलाही असो, अर्धा दिवस कामाचा फोन बंद ठेवावा आणि संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेची वेळ पक्की करावी. दहा मिनिटं पुरतात: एक गीत, एक स्तोत्र, प्रत्येकाची एक विनंती. विनंती नेमकी असावी. 'सगळ्यांचं भलं कर' यापेक्षा 'पाच तारखेचा हप्ता', 'गुरुवारची तपासणी' असं बोललं, तर पुढच्या आठवड्यात त्याचं काय झालं हे घरातलं लहान मूलसुद्धा आठवणीनं विचारतं.