आजी आणि नवा पैसा

१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि आमच्या आजीला हिशेबाचं नवं खेळणं मिळालं. चार आण्यांचे २५ नवे पैसे, इथवर सरळ होतं. पण एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे १२ आणि तीन आण्यांचे मात्र १९. म्हणजे तीन आण्यांचं जिरं एकदम घेतलं तर १९ आणि आण्याआण्याचं तीनदा आणलं तर १८! झालं, माझ्या खेपा सुरू. तिसऱ्या खेपेला वाणी चष्म्यावरून बघायचा, पण पुडी बांधून द्यायचा. वजनात तो आपला पैसा वसूल करत असणार, हे आजीला सांगायची कुणाची छाती नव्हती.

ती पुडी तरी काय सुबक! रद्दीचा कागद, तोंड आत दुमडलेलं, वर टांगलेल्या रिळाचा दोरा गरगर फिरवून हिसड्यासरशी तोडलेला. घरी आल्यावर दोरा खुंटीवरच्या गुंडाळीत जायचा आणि कागद माझ्याकडे. कितीतरी गोष्टींचे शेवट मला कळलेच नाहीत. पुढचं पान दुसऱ्या कुणाच्या हळदीला गेलेलं असायचं.

मग किलो आला. ८० तोळ्यांच्या शेरापेक्षा तो जरासा मोठा, म्हणून दुकानात आजीने तो चालवून घेतला. घरात नाही. तांदळाच्या डब्यात चिपटं आणि त्याहून लहान निठवं, ही जुनी मापंच राहिली. पाहुणा आला की निठवंभर तांदूळ जास्त, आणि आमटीत पाणी.

‘तेव्हाचं अन्न कसं शुद्ध होतं’ असं कुणी म्हणालं की मला रेशनचा तांदूळ आठवतो. दुपारभर बायका तो ताटात पसरून निवडत बसायच्या. तरी एखादा खडा वडिलांच्या दाताखाली यायचाच. ते काही न बोलता तो पानाच्या कडेला ठेवायचे आणि आई उगाचच चुलीकडे बघायची.

१९६५ साली शास्त्रीजींनी आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं. सोमवारी रात्री चूल बंद, असं घरोघरी ठरलं. आजीची पंचाईत झाली. तिचा सोमवारचा उपास सुटायचाच मुळी रात्री! देवाचं मोडवेना, देशाचं टाळवेना. शेवटी तिने तोड काढली. सोमवारी ती दिवेलागणीच्या आधीच पान वाढून घ्यायची आणि कुणी बघितलंच तर खिडकीकडे बोट दाखवायची, “अजून ऊन आहे.”